सीड, पोर्टफोलिओ आणि पवईतली दोन वर्षं: ॲनिमेशन शिकायला गेले त्याची सगळी गोष्ट

ऑगस्ट 2025 मध्ये एकदाची एम.डेसची, म्हणजे डिझाइनमधल्या मास्टर्सची, डिग्री हातात पडली. तेव्हापासून गावाकडच्या ओळखीतली, कॉलेजची ज्युनिअर अशी बरीच पोरं मेसेज करून विचारतायत, ताई ॲनिमेशनला कसं जायचं, क्लास लावू का, खर्च किती, नोकरी लागते का. प्रत्येकाला वेगवेगळं टाइप करून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतेय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

माझं बॅकग्राउंड आधी सांगते. सातारा जिल्ह्यातलं गाव, शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षा दिलेल्या, त्यात बी ग्रेड (हो, बी), मग पुण्यात बी.एस्सी. कम्प्युटर सायन्स. 2022 ला पास झाले. बरोबरची सगळी टेस्टिंगच्या नोकऱ्या शोधत होती आणि मी रात्री ब्लेंडर नावाच्या थ्रीडी ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये बसून एक डोनट आणि एक चेंडू हलवत होते. ब्लेंडर फुकट आहे, लॅपटॉप जुना होता पण चालायचा.

सगळ्यात आधी मी एका खाजगी इन्स्टिट्यूटमध्ये चौकशीला गेले होते. एसी केबिन, काउन्सेलर मॅडम, वर्षभराचा डिप्लोमा, दीड लाखाच्या वर फी आणि 'शंभर टक्के प्लेसमेंट'. प्लेसमेंट नक्की कशात असं विचारलं तर म्हणाल्या व्हीएफएक्समध्ये (सिनेमातले कम्प्युटरवर केलेले इफेक्ट). आता व्हीएफएक्समध्ये एंट्रीला बहुतेकांना रोटो आणि पेंट मिळतं, म्हणजे दुसऱ्यांनी शूट केलेल्या शॉटमधल्या माणसाच्या कडेकडेने फ्रेम बाय फ्रेम आउटलाइन काढत बसायची, नाहीतर वायर पुसायच्या. ते काम वाईट नाहीये, माझ्या ओळखीतली दोघं तेच करतात आणि घर चालवतात, पण मला गोष्टी सांगायच्या होत्या आणि त्यासाठी दीड लाख रुपयांचं सॉफ्टवेअर ट्रेनिंग घ्यायची गरज वाटेना. क्लासच्या भानगडीत पडायच्या आधी एवढं एकच विचारा, की तुम्ही कोणतं काम शिकवता आणि शिकून गेलेल्या पोरांच्या शोरील, म्हणजे निवडक कामाचे छोटे व्हिडिओ, दाखवता का. तिथेच अर्धी उत्तरं मिळतात.

मग एका सिनिअरकडून कळलं की आयआयटी मुंबईत ॲनिमेशनमध्ये एम.डेस होतं. घरी सांगितलं तर पप्पांचा पहिला प्रश्न, "आयआयटी म्हणजे ते जेईईवालं ना? तुझं तर ग्रॅज्युएशन झालं की." त्यांची काही चूक नाही, मलाही तोवर माहीत नव्हतं. आयआयटीच्या पवईच्या कॅम्पसवर आयडीसी स्कूल ऑफ डिझाइन आहे, 1969 पासून आहे, आणि तिथे जायला जेईई लागत नाही, सीड नावाची परीक्षा लागते. कोणत्याही शाखेची किमान तीन वर्षांची डिग्री चालते. कॉमर्सवाले, आर्किटेक्ट, मेकॅनिकलवाले, सगळे असतात. (बारावीनंतर जायचं असेल तर बी.डेससाठी यूसीड वेगळी, आणि अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइनच्या संस्थेची डॅट ही अजून वेगळी परीक्षा, एनआयडीत बी.डेसलाही ॲनिमेशन आहे. बारावीतल्या पोरांनी ते बघा.)

सीडचा फॉर्म ऑक्टोबरच्या आसपास निघतो. मी ऑक्टोबर 2022 मध्ये भरला. मुलींना फी निम्मी असते, मला 1800 रुपये पडले, त्यानंतर थोडी वाढलीये. फोटो, सही, डिग्रीचं प्रमाणपत्र, आणि मी ओबीसीतून भरत असल्यामुळे नॉन क्रीमी लेयर. आणि इथे खरा सिनेमा सुरू झाला.

माझ्याकडे नॉन क्रीमी लेयर होतं, कॉलेजच्या स्कॉलरशिपसाठी काढलेलं. पण ते राज्याच्या नमुन्यातलं. आयआयटी केंद्राची संस्था, तिला केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी-एनसीएल दाखला लागतो, त्याचा मजकूर वेगळा असतो, आणि तारीखही जुनी चालत नाही, ठरावीक 1 एप्रिलनंतरची लागते. शिवाय तुमची जात केंद्राच्या यादीत आहे का हेही बघावं लागतं, राज्याच्या यादीत आहे म्हणजे तिथे असेलच असं नाही. सेतूत गेले तर तिथला माणूस म्हणाला, "मॅडम, नॉन क्रीमी म्हणजे नॉन क्रीमीच, त्यात सेंट्रल-बिंट्रल काही नसतं." मी ब्रोशरमधला नमुना प्रिंट काढून नेला होता, तो दाखवला, तर म्हणाला हा नमुना आमच्या सिस्टीममध्ये येत नाही. येतो. शेवटी प्रांत ऑफिसला गेले, तिथल्या एका शिपाईकाकांनी पाच मिनिटांत सांगितलं की बाळ, कोणत्या टेबलवर जायचं, सोबत तीन वर्षांचे उत्पन्नाचे दाखले, जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, रेशन कार्ड आणि प्रतिज्ञापत्र जोड. उत्पन्नाचे दाखले तहसीलमधून, त्याला आठवडा. मग पुन्हा अर्ज, पुन्हा वाट. सगळं धरून महिना गेला. सरकारी फी फार नाही, पण एसटीचं भाडं, झेरॉक्स, स्टॅम्प, मधल्या माणसाचे 'चहापाणी' हे मिळून हजाराच्या वर गेले. म्हणून सांगते, परीक्षेचा अभ्यास नंतर करा, कागद आधी हलवायला घ्या, जून-जुलैपासूनच. आणि ॲडमिशनच्या वर्षी नव्या आर्थिक वर्षाचा दाखला परत मागतात, तेव्हा आधीच्या अर्जाच्या सगळ्या कागदांची फाइल जपून ठेवा, दुसऱ्यांदा काम पटकन होतं.

परीक्षा 22 जानेवारी 2023, रविवार, सकाळी 9 ते 12. सेंटर पुणे मिळालं. परीक्षेचे दोन भाग असतात. पार्ट ए एक तासाचा, कम्प्युटरवर, आकृत्या फिरवणे, घडी उलगडणे, निरीक्षण, थोडं डिझाइनचं सामान्यज्ञान असलं सगळं. पार्ट बी दोन तासांचा, हातानं चित्र काढायचं आणि लिहायचं. पार्ट एच्या मार्कांवर शॉर्टलिस्ट होतात त्यांचाच पार्ट बी तपासतात, पण फायनल स्कोअरमध्ये बीला 75 टक्के वजन आहे आणि एला 25. लोक एच्या मॉक टेस्ट देत बसतात आणि चित्र काढायला शेवटच्या महिन्यात सुरुवात करतात. मी तरी उलटं केलं, कारण कोचिंगला पैसे नव्हते आणि वही-पेन्सिल होती.

तयारी म्हणजे काय केलं, तर रोज स्वारगेट स्टँडवर तासभर बसायचे. तिथे माणसं एका जागी थांबत नाहीत म्हणून झपझप काढायची सवय होते. बॅगेवर बसलेली बाई, खांबाला टेकून झोपलेला पोरगा, चौकशीच्या खिडकीत मान घालून भांडणारे आजोबा. पहिले पंधरा दिवस सगळी माणसं लाकडाची दिसत होती. मग हळूहळू कळायला लागलं की माणूस उभा असतो तेव्हा वजन एकाच पायावर असतं आणि त्याच बाजूचा खांदा खाली उतरतो. हे समजलं की चेहरा नाही जमला तरी चित्र उभं राहतं. जुने पेपर सीडच्या साइटवर फुकट आहेत, ते वेळ लावून सोडवले, बास. (साधी एचबी पेन्सिल आणि स्वस्तातली वही घ्या. भारी स्केचबुक घेतलं की पान खराब होईल म्हणून हातच चालत नाही.)

पार्ट बीमध्ये पाच प्रश्न होते. वेळ पुरत नाही हे सगळे सांगतात आणि खरंच पुरत नाही. मी शेडिंग जवळजवळ केलंच नाही, रेषा आणि बाजूला चार शब्दांत कल्पना. बाहेर आले तर शेजारच्या बेंचवरची मुलगी रडत होती, तिचा शेवटचा प्रश्न राहिला होता. तिचं पुढे दुसऱ्या आयआयटीत झालं, सोशल मीडियावर भेटली नंतर, म्हणजे एखादा प्रश्न राहिला तर लगेच सगळं संपलं असं धरू नका.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात निकाल. रँक बरी होती, भारी नाही. आता इथे एक गोष्ट लक्षात ठेवा जी मला कुणी सांगितली नव्हती. एम.डेससाठी सीडनंतर एकत्रित काउन्सेलिंग होत नाही. प्रत्येक संस्थेचा फॉर्म वेगळा, फी वेगळी, तारखा वेगळ्या. मुंबई, गुवाहाटी, दिल्ली, हैदराबाद, जबलपूरची ट्रिपलआयटीडीएम, सगळ्यांच्या साइट स्वतः उघडून बघत राहायचं. मी एक एक्सेल शीट केली आणि मोबाइलला अलार्म लावले. स्कोअर एक वर्षच चालतो, त्यामुळे पुढच्या वर्षी बघू असं नसतं.

आयडीसीच्या फॉर्ममध्ये शाखा निवडायची असते आणि सोबत पोर्टफोलिओ, म्हणजे आपल्या निवडक कामाची फाइल, लागतो. मी चकचकीत थ्रीडी रेंडर (कम्प्युटरवर केलेली बाटली वगैरेची चित्रं) आधी घातले होते, मग एका दादानं (मामेभाऊ, साइनबोर्ड रंगवतो, डिझाइन-बिझाइन काही शिकलेला नाही) बघून विचारलं, "ही बाटली कुणीपण करंल, त्यात तू कुठायस?" मग सगळी बाटली-बिटली काढली. स्टँडवरची पानं, कच्च्या स्टोरीबोर्डचे (गोष्ट शॉटप्रमाणे चित्रांत मांडतात त्याचे) चौकोन, गावच्या जत्रेतल्या तमाशाच्या फडाची स्केचेस, आणि एक वीस सेकंदांचं हातानं केलेलं ॲनिमेशन, ज्यात एक म्हातारी सुईत दोरा ओवतेय. प्रिंट पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळ काढल्या, कलर, स्पायरल बाइंडिंग, सातशे-साडेसातशे रुपये.

इंटरव्ह्यूला पोट बिघडलं होतं, खोटं कशाला बोलू. समोरच्यांनी रेंडर-बिंडर काही विचारलंच नाही, आधी कच्ची स्केचबुकं मागितली. मग म्हणाले ही म्हातारी दोरा ओवताना श्वास रोखते का? मी म्हटलं हो, माझी आज्जी रोखते, आणि ओवला की सोडते. मग ते दिसत का नाही इथे? उत्तर नव्हतं माझ्याकडे, म्हटलं, आता सांगितलंत तर दिसतंय की नाहीये. ते हसले आणि पुढे गेले. ॲनिमेशनच का, साधा कॅमेरा घेऊन शूट का नको, हा प्रश्न नक्की येतो, त्यावर घरीच नीट विचार करून जा. इंग्रजीचं टेन्शन असतं आपल्याकडच्या पोरांना, मी अडखळतच बोलले, एक-दोनदा हिंदीवर गेले, कुणी काही बोललं नाही.

वेटिंग लिस्टमध्ये नाव आलं. हे दिवस सगळ्यात वाईट. घरात कुणी काही विचारायचं नाही आणि सगळ्यांना विचारायचं असायचं. आई देवापुढे दिवा लावताना माझ्याकडे बघायची नाही इतकं ते अवघड झालं होतं. मी तोवर एका डीटीपीच्या दुकानात लग्नपत्रिका लावत होते, महिन्याला नऊ हजार. जूनमध्ये मेल आला, जागा मिळाली, इतक्या दिवसांत फी भरा. घरातली एक एफडी मोडली. बँकेचं शैक्षणिक कर्ज काढायचं असेल तर वेटिंगला असतानाच बँकेत जाऊन कागदांची यादी घेऊन ठेवा, कारण सीट मिळाल्यावर मिळणारे दिवस फार थोडे असतात. पुढे मला टीचिंग असिस्टंटशिप (शिकवण्याच्या कामात मदत करायची, त्याचं विद्यावेतन) मिळाली, महिन्याला 12,400, त्यात मेस आणि बाकीचा खर्च भागायचा. पहिला हप्ता यायला उशीर होतो, दोन महिन्यांचा खर्च सोबत ठेवा.

जुलै 2023. कांजूरमार्गला उतरायचं, रिक्षा, मेन गेट, आणि आत टमटम नावाची कॅम्पसची बस. पाऊस असा की पहिला आठवडा कपडे वाळलेच नाहीत.

शिकण्याबद्दल थोडं सविस्तर सांगते कारण याबद्दलच सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. सॉफ्टवेअर कुणी धरून शिकवत नाही. ते तुम्ही रात्री व्हिडिओ बघून शिकायचं असं गृहीतच धरलेलं असतं. वर्गात शिकवतात ते बघणं आणि टायमिंग. उसळणारा चेंडू आधी, मग पिठाची गोणी, मग माणसाचं चालणं. सिनेमाच्या एका सेकंदात 24 फ्रेम, पण हातानं करताना बहुतेक वेळा एक चित्र दोन फ्रेम ठेवतात, म्हणजे सेकंदाला 12 चित्रं, मिनिटाला 720. हे गणित पहिल्यांदा फळ्यावर बघितलं तेव्हा वर्गात शांतता पसरली होती.

एक असाइनमेंट होती, रोजच्या कामातली एक क्रिया निवडा आणि ती ॲनिमेट करा. मी दिवाळीला घरी गेले तेव्हा आईला भाकरी थापताना मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूट केलं. बावीस वर्षं ती भाकरी खाल्लीये मी, पण फ्रेम बाय फ्रेम बघितल्यावर कळलं की ती बोटांनी थापतच नाही. जोर तळहाताच्या मनगटाकडच्या भागातून येतो, बोटं फक्त कडेला जाऊन काठ सांभाळतात. भाकरी ती फिरवत नाही, थापटण्याच्या तिरक्या धक्क्यानं ती आपोआप फिरते. दर सात-आठ थापट्यांनंतर हात अर्धा क्षण वर थांबतो, पीठ भुरभुरतं, आणि त्या वेळी तिचा डावा खांदा खाली येतो. ते थांबणं मी आधी काढलंच नव्हतं, सलग लय ठेवली होती, तर भाकरी मशीनवर होतेय असं दिसत होतं. तो अर्धा क्षण म्हणजे सहा चित्रांएवढी जागा, तिथे हात नुसता धरून ठेवला, आणि एकदम बाई जिवंत झाली. आईला दाखवलं तर म्हणाली, "एवढं काय त्यात, पीठ जास्त घेतलंयस."

इतिहासही असतो, आणि तो भारी असतो. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी 1915 च्या सुमारास आगकाड्या एकेक फ्रेमनं हलवून ॲनिमेशन केलं होतं हे मला तिथे कळलं. 1956 मध्ये सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून युनिट सुरू झालं, डिस्नेत काम केलेले क्लेअर वीक्स शिकवायला आले, पुढे नावाजलेले ॲनिमेटर राम मोहन त्यांच्याच हाताखाली तयार झाले. आणि त्याच्याही कितीतरी आधीपासून कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजातले लोक चित्रकथीची पोथी उलटत गोष्ट सांगत आलेत, चित्र, गाणं, पुढचं चित्र, म्हणजे स्टोरीबोर्डच की. मी सेमिस्टर ब्रेकमध्ये पिंगुळीला जाऊन आले. तिथल्या परशुराम गंगावणेंना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. कोकणात गेलात तर नुसते मासे खाऊन परत येऊ नका.

2024 च्या उन्हाळ्यात इंटर्नशिप. स्टुडिओचं नाव सांगत नाही. कागदावर स्टोरीबोर्ड इंटर्न, प्रत्यक्षात पहिला महिना फाइलींना नावं देण्यात आणि बॅकग्राउंडमधल्या खिडक्या रंगवण्यात गेला. स्टायपेंड दोन महिने उशिरा, तोही तीन वेळा मेल केल्यावर. जॉइन व्हायच्या आधी रक्कम, तारीख आणि तुमचं काम पोर्टफोलिओत दाखवता येईल का, या तीन गोष्टी मेलवर लिहून घ्या. तोंडी नको. त्याच जूनमध्ये पेडर रोडला मिफ होता, म्हणजे मुंबईचा डॉक्युमेंटरी, शॉर्ट आणि ॲनिमेशन फिल्मचा फेस्टिवल, सुट्टी काढून तिथे जाऊन बसले. खिडक्या रंगवण्यापेक्षा तिथे जास्त शिकले असं म्हणायला हरकत नाही.

शेवटच्या सेमिस्टरचा मोठा प्रोजेक्ट, आमच्यात पी-थ्री म्हणतात. माझी फिल्म, शेवटची एसटी चुकलेल्या दोन बायका रात्रभर स्टँडवर बसतात, त्याची. ॲनिमॅटिक, म्हणजे स्टोरीबोर्डची चित्रं वेळेप्रमाणे लावून केलेला कच्चा व्हिडिओ, सहा मिनिटांचं झालं होतं, गाइड म्हणाले चारच्या आत आण, नाहीतर मे महिना उजाडेल आणि तू अजून इनबिट्वीन (दोन मुख्य चित्रांच्या मधली चित्रं) करत असशील. कापताना जीव जात होता पण कापलं. चार मिनिटं म्हणजे हिशेबानं 2880 चित्रं, त्यातली कितीतरी होल्डमध्ये, म्हणजे माणूस नुसता बसलेला आणि फक्त पापणी हलतेय, अशी वाचवली. रात्रीची फिल्म निवडण्यात फायदा होता, अंधारात बॅकग्राउंड कमी लागतं (हे गाइडना सांगितलं नाही). आवाज सगळे स्वतः गोळा केले. कंडक्टरची दोन टोल्यांची घंटा एका डेपोत विनंती करून रेकॉर्ड केली, पण जुन्या तिकीट पंचचा टिकटिक आवाज कुठे मिळेना, आता सगळीकडे मशीन. शेवटी एका रिटायर्ड कंडक्टरकाकांकडे पंच निघाला, कपाटात रुमालात गुंडाळून ठेवलेला. त्यांनी तो वाजवला पण आणि मग अर्धा तास गप्पा मारल्या, त्यातला एक संवाद फिल्ममध्ये घेतला.

हात दुखणं हा विषय कुणी काढत नाही म्हणून मी काढते. मार्चमध्ये मनगट असं धरलं की ब्रश उचलवेना. डॉक्टरांनी पट्टा दिला आणि सक्तीची विश्रांती. तासाला पाच मिनिटं उठायचं, टॅबलेट तिरका ठेवायचा, खांद्यापासून रेष ओढायची. साधा पेन टॅबलेट पाच-सहा हजारांत येतो आणि पुरतो, स्क्रीनवाला महागडा घ्यायची घाई करू नका, कॅम्पसमध्ये लॅब असते.

डिग्री शोला, म्हणजे आमच्या शेवटच्या प्रोजेक्टच्या प्रदर्शनाला, आई-पप्पा आले. पप्पांनी फिल्म दोनदा बघितली आणि शेजारच्या स्टॉलवर उभ्या असलेल्या कुणा अनोळखी माणसाला ती फिल्म समजावून सांगत होते.

आता नोकरीचं. बॅचमधले सगळे ॲनिमेशनमध्ये राहिले नाहीत, दोघं-तिघं यूआय-यूएक्सला (ॲप आणि वेबसाइटच्या डिझाइनला) गेले आणि त्यांचा पगार माझ्या दुप्पट आहे. मी मुलांसाठी शैक्षणिक व्हिडिओ करणाऱ्या एका टीममध्ये वर्षाच्या कॉन्ट्रॅक्टवर आहे, स्टोरीबोर्ड आणि थोडं ॲनिमेशन, महिन्याला चाळीस हजारांच्या आसपास, पीएफ नाही. मुंबईत शेअरिंगमध्ये राहून जमतं. नोकरी मिळाली ती सव्वा मिनिटाच्या शोरीलवर, डिग्रीचा कागद कुणी मागितला नाही, पण ती शोरील त्या दोन वर्षांशिवाय झाली नसती हेही खरं. मुंबईत जुलै 2025 मध्ये आयआयसीटी नावाची सरकारी संस्थाही सुरू झालीये ॲनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंगसाठी, तिचे कोर्स आणि फी तिच्याच साइटवर बघा, मी तिथे शिकलेली नाही.

ज्यांना पैसे न घालता आधी चाखून बघायचंय त्यांनी क्रिता, ओपनटूंझ, ब्लेंडर, ही तिन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, त्यात चेंडू उसळवून बघा. आयडीसीची डी'सोर्स ही साइट पण उघडा, तिथे डिझाइनचं बरंच साहित्य मोफत आहे. आणि केंद्राच्या नमुन्यातला दाखला ज्यांना लागणार आहे त्यांनी सेतूत जाताना ब्रोशरमधल्या नमुन्याच्या दोन प्रिंट न्या, एक त्यांना द्यायला आणि एक स्वतःकडे ठेवायला, कारण पहिली हमखास तिथेच राहते.